विणलेलं कार्ड वाकतं, तेव्हा दोष डिंकाचा नसतो

कार्डासाठी कागदाच्या पट्ट्या कापणं, एक वर एक खाली घालत नेणं, टोकं मागे चिकटवणं, एवढं तुम्हाला येतं असं धरून लिहितेय. त्यात अवघड काही नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रोबेलनं बालवाडीची कल्पना मांडली, तेव्हा लहान मुलांच्या हस्तव्यवसायांत कागद विणणं होतंच. माझं घोडं विणण्यात अडलं नाही, कागदात अडलं.

पहिल्या ऑर्डरीची 50 कार्डं रात्री रचून ठेवली. सकाळी निम्मी होडीसारखी वाकलेली आणि गडद निळ्या घडीवर पांढऱ्या भेगा. मी डिंकाला शिव्या दिल्या. तीन डिंक बदलले, वर जाड पुस्तकं ठेवली. फरक शून्य.

चूक ग्रेनची, म्हणजे कागदातल्या तंतूंच्या दिशेची होती. कागद यंत्रावर तयार होताना लगद्यातले बहुतेक तंतू यंत्राच्या चालीच्या दिशेनं झोपतात. ओल लागली की तंतू जाडीत फुगतात, लांबीत फारसे वाढत नाहीत. म्हणजे कागद ग्रेनच्या आडव्या दिशेला पसरतो आणि सुकताना आक्रसून कार्डाला ओढत नेतो. घडीचंही तेच. ग्रेनच्या दिशेनं कागद मुकाट वळतो, आडवी घडी घातली की तंतू मोडतात. ए-4 कागद 210 बाय 297 मिलिमीटरचा, आणि त्याचा ग्रेन बहुतेक वेळा लांब बाजूला समांतर असतो. तो मधोमध दुमडलात की घडी नेमकी ग्रेनला आडवी! माझी पन्नासच्या पन्नास तशीच होती.

ओळखायचं कसं? एक कपटा एका बाजूनं ओला करा. तो सुरळी होऊ लागतो. सुरळीची लांबी ज्या दिशेला, तोच ग्रेन. कागदावर पेन्सिलीनं बाण काढून ठेवा. कंटाळा आला तरी काढा.

मग कार्डाची घडी बाणाला समांतर, पट्ट्यांची लांबीही बाणाच्याच दिशेनं. त्यासाठी मोठा शीट आणून स्वतः कापावा लागतो. ए-4च हाताशी असेल तर घाबरू नका. पट्टी धरून रिकाम्या बॉलपेननं आधी खाच पाडा, मग दुमडा. भेगा पुष्कळ कमी होतात.

कार्डाला 250 ते 300 जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) कागद, पट्ट्यांना 100 ते 120. डिंक फक्त टोकांना, तोही बोटभर नव्हे. 1 सेंटिमीटरच्या दहा पट्ट्या कार्डात कापलेल्या 10 सेंटिमीटरच्या खिडकीत मावत नाहीत, दोन-तीन मिलिमीटर मोकळे सोडा.

क्विलिंगच्या (कागदाच्या पट्ट्या गुंडाळून नक्षी करण्याच्या) तयार पट्ट्या मला मनापासून आवडत नाहीत. हाताला कापायची सवयच लागत नाही. पण पहिली पाच कार्डं त्यांच्यावर केलीत तर मी काही बोलणार नाही. मात्र ‘कुठलाही कागद चालतो’ म्हणणाऱ्या शिक्षकांपासून लांब राहा. मला शिकवणाऱ्या बाईंनी तेच सांगितलं होतं, आणि त्यांची स्वतःची कार्डं काचेच्या फ्रेममध्ये दाबून बसवलेली असायची, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

अजून एक. विणीच्या मागे अस्तराचा कागद लावणार असाल तर त्याचा बाणही कार्डाच्या बाणाबरोबरच ठेवा. नवीन कागदावर तीच ऑर्डर पुन्हा करायला बसले, तेव्हा हे मला बाविसाव्या कार्डाला कळलं.