स्वर्गातल्या प्रतिफळावर बायबल-अभ्यास घ्यायचा असेल तर

मी आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, खजिनदार आहे आणि बायबल-अभ्यासाचा गटही घेते. त्यामुळे प्रतिफळाचा विषय निघाला की माझे कान टवकारतात. ‘माझं वर किती जमलं असेल हो?’ असं कुणीतरी हसत विचारतंच. पण ते हसणं पूर्ण खरं नसतं, आत कुठेतरी बेरीज चालू असते. ही बेरीज थांबवणं हेच या अभ्यासाचं खरं काम, असं माझं मत आहे.

आधी फळ्यावर दोन रकाने आखा. पहिल्यात इफिसकरांस २:८-९ लिहा: तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, देवाचं दान म्हणून, कर्मांमुळे नाही. बरेच जण इथेच थांबतात. तुम्ही दहावं वचनही वाचा, कारण सत्कृत्यांसाठी आपल्याला निर्माण केलं आहे, हे तिथे आहे. दुसऱ्या रकान्यात १ करिंथकरांस ३:१०-१५ लिहा. पाया ख्रिस्त. त्यावर कुणी सोनं, रुपं, मोलवान दगड रचतो, कुणी लाकूड, गवत, पेंढा. मग अग्नी परीक्षा करतो. काम जळालं तर नुकसान होतं, पण बांधणारा वाचतो, जणू अग्नीतून निघाल्यासारखा. गटाला एवढंच विचारा: जळालं काय आणि वाचलं कोण? उत्तर त्यांच्या तोंडून येऊ द्या, घाई करू नका. आणि हा उतारा मुळात पौल आणि अपुल्लोस यांच्यासारख्या शिकवणाऱ्यांच्या कामाबद्दल आहे, तेव्हा गट घेणाऱ्याने तो आधी स्वतःला लावून पाहावा!

गटात कॅथलिक मंडळी असतील तर हे रकाने त्यांच्यावर लादू नका. १५४७ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने सार्वकालिक जीवन हे कृपेचं दान आहे आणि सत्कृत्यांचं प्रतिफळही आहे, असं दोन्ही सांगितलं. ती चर्चा मोठी आहे. वेळ असेल तरच काढा.

प्रतिफळ म्हणून सांगितलेल्या मुगुटांवर फार रेंगाळू नका. राजाचा रत्नजडित मुगूट लोकांच्या डोळ्यांपुढे येतो, पण १ करिंथकरांस ९:२५ मध्ये शर्यतीची भाषा आहे. करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत आणि विजेत्याला पाल्याचा हार मिळे, काही दिवसांत सुकणारा. त्यापेक्षा प्रत्येक मुगूट कुणाला सांगितला आहे, ते शोधायला लावा. जीवनाचा मुगूट प्रकटीकरण २:१० मध्ये स्मुर्णा इथल्या मंडळीला, ज्यांच्यापैकी काही जण तुरुंगात जाणार होते. गौरवाचा, १ पेत्र ५:४ मध्ये, कळपावर धनीपणा न गाजवणाऱ्या मंडळीच्या वडिलांना, म्हणजे पुढाऱ्यांना. आणि कलस्सैकरांस ३:२४ मध्ये वतनाचं आश्वासन आहे ते दासांना, ज्यांना दास म्हणून वारसाहक्कच नव्हता. हे लक्षात आलं की वर्गातला सूर बदलतो. ही वचनं मिरवणाऱ्यांना नाही, दमलेल्यांना लिहिलेली आहेत.

आता मत्तय ६. खरा वेळ इथे द्या. दान, प्रार्थना, उपास. तिन्हींबद्दल येशू तेच म्हणतो: लोकांनी पाहावं म्हणून केलंत तर प्रतिफळ मिळून चुकलं. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर पावती फाडून झाली, येणं बाकी काही नाही. दानाबरोबर ‘फलकावर नाव येईल ना?’ ही चौकशी मला ओळखीची आहे, म्हणून हा उतारा मी मोठ्याने वाचते.

मग गृहपाठ द्या. आठवडाभरात प्रत्येकाने एक काम असं करायचं की जे कुणालाही कळणार नाही, घरातल्यांनासुद्धा नाही. पुढच्या सभेत ‘काय केलंत?’ असं मुळीच विचारू नका. कुणीतरी सांगायला तोंड उघडेलच, त्याला प्रेमाने गप्प करा. त्याऐवजी मत्तय २५:३७ उघडा. तिथे नीतिमान लोक राजालाच विचारतात, आम्ही तुला भुकेला कधी पाहिला? त्यांच्याकडे नोंदच नाही.

‘सगळ्यांना सारखंच मिळणार का?’ हा प्रश्न येणारच. लूक १९ च्या दाखल्यात एका चाकराला दहा नगरं, दुसऱ्याला पाच. मत्तय २५ मध्ये मात्र धन्याने पाच आणि दोन तालांत (मोठी रक्कम) सोपवलेल्या दोन्ही चाकरांना शब्दशः एकच शाबासकी. आणि मत्तय २० मध्ये दिवसभर राबलेला आणि शेवटच्या तासाला आलेला, दोघांच्या हातात एक-एक दिनार, म्हणजे दिवसाची मजुरी. या तिन्हींना एका सूत्रात कोंबू नका. प्राचीन चर्चचा धर्मशिक्षक ऑगस्टीन म्हणे, स्वर्गात मानाचे दर्जे असतील पण हेवा नसेल. शरीरात बोटाला डोळा व्हावंसं वाटत नाही, तसं. मला हे पटतं. गटाला पटेलच असं नाही.

शेवटी एक सावधगिरी. वर्षानुवर्षं आजाऱ्याची शुश्रूषा करणारी, कुणी न विचारलेली एखादी बाई तुमच्या गटात असेल. तिच्याशी सभा संपल्यावर एकटीशी बोला. इब्री ६:१० वाचून दाखवा: तुमचं काम विसरायला देव अन्यायी नाही. पण तेवढ्यावर तिला घरी पाठवू नका. ‘वर मिळेल’ म्हणून इथला भार तसाच तिच्या खांद्यावर ठेवणं हा या विषयाचा सगळ्यात वाईट वापर आहे. आठवड्यातल्या दोन रात्री आजाऱ्याजवळ कोण बसणार, ते तिथेच ठरवा आणि पहिली रात्र स्वतः घ्या.