काठावरून मरळ धरताना उथळ बुडीचे लुअर कसे निवडावे आणि कसे वापरावे

लुअर म्हणजे लहान माशासारखे दिसणारे कृत्रिम आमिष. दुकानात मिळणाऱ्या क्रँकबेट (आखूड, फुगीर) आणि मिनो (लांबट, सडपातळ) लुअरच्या पाकिटावर बहुधा बास या माशाचे चित्र असते. ज्या बाससाठी क्रँकबेट घडले, तो मासा मूळचा उत्तर अमेरिकेचा असून कोल्हापूरकडच्या पंचगंगेत किंवा भोगावतीत त्याच्यासाठी गळ टाकण्यात अर्थ नाही. तरीही ही लुअर आपल्याकडे उपयोगी पडतात, कारण आपली मरळही गवताच्या कडेला दबा धरून बसते आणि समोरून जाणाऱ्या लहान माशावर झडप घालते. मात्र काठावर उभे राहून गळ टाकणाऱ्याने लुअर घेताना रंगाआधी खोली पाहावी.

होडीतला माणूस आत राहून काठाकडे फेकतो, त्यामुळे त्याचे लुअर उथळ पाण्यातून खोल पाण्याकडे येते. काठावरच्या माणसाचे नेमके उलट होते. त्याचे लुअर खोल पाण्यात पडते आणि वर चढत येणाऱ्या उतारावरून, गवत, दगड आणि बुडालेल्या फांद्या ओलांडत, त्याच्या पायाशी येते. मरळ बहुतेक वेळा याच शेवटच्या पट्ट्यात असते. आठ-दहा फूट बुडणारे लुअर येथे गाळात नाक खुपसते किंवा अडकून तुटते, म्हणून काठावरून फेकण्यासाठी फार तर चार फूट बुडणारे लुअर हाच पहिला पर्याय मानावा.

आपल्या नद्यांत ही खोली वर्षभर सारखी राहत नाही. पावसाळा सरल्यावर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या आडव्या फळ्या, घातले जातात, पाणी मागे तुंबते आणि मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या जमिनीच्या, कडेचे गवत पाण्याखाली जाते. त्या दिवसांत गवताच्या शेंड्यांवरून जाणारे, फूट-दोन फूट बुडणारे लुअर लागते. उन्हाळ्यात उपसा वाढून पाणी उतरले की दगड आणि उघडा गाळ काठाशी येतो, आणि तेव्हा तीन-चार फुटांचे लुअर तळाला टेकत आणता येते. एकच लुअर घ्यायचे असेल, तर पहिल्या प्रकारचे घ्यावे.

लुअर किती बुडेल हे त्याच्या जिभेवरून, म्हणजे तोंडाखालच्या पारदर्शक पट्टीवरून, ओळखता येते. जीभ आखूड आणि खाली वळलेली असेल तर लुअर उथळ राहते. लांब आणि अंगाच्या रेषेत पुढे आलेली असेल तर खोल जाते. चौकोनी कोपऱ्यांची आखूड जीभ दगड-फांद्यांना आपटून बाजूला उसळते, त्यामुळे अडचणीच्या जागी ती अधिक चांगली. पाकिटावर 'एफ' असेल तर लुअर तरंगणारे, 'एसपी' असेल तर पाण्यात आहे तेथेच थांबणारे आणि 'एस' असेल तर बुडणारे असते. काठावरून तरंगणारेच वापरावे, कारण रील थांबवल्यावर ते आपोआप वर येते आणि अडथळ्यातून सुटते. पाच ते सात सेंटिमीटर लांबी आणि सात ते चौदा ग्रॅम वजन पुरेसे आहे, फक्त ते वजन रॉडवर छापलेल्या मर्यादेत बसते का, हे पाहावे.

रंगाबाबत विक्रेते जितके बोलतात तितके बोलण्यासारखे मला वाटत नाही. पाणी नितळ असेल तर चंदेरी किंवा चिलापीच्या पिल्लासारखा रंग, आणि गढूळ असेल तर भडक पिवळा किंवा काळपट रंग, शिवाय आत खुळखुळणारे छर्रे, एवढे लक्षात ठेवले तरी चालते.

दोरी मात्र विचारपूर्वक निवडावी. तीच फेक आणि तेच लुअर असताना बारीक दोरीवर ते अधिक बुडते आणि जाड तंगूसवर, म्हणजे नायलॉनच्या एकेरी दोरीवर, उथळ राहते. वीस ते तीस पौंड ताण सोसणारी ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, आणि तिच्या पुढे लुअरपर्यंत हात-दीड हात जाड तंगूसचा तुकडा, म्हणजे लीडर, ही जोडी मरळीसाठी योग्य ठरते. लुअरला गच्च गाठ मारू नये. लहान स्नॅप (उघडझाप होणारी तारेची कडी) लावावा किंवा मोकळ्या फासाची गाठ मारावी, नाहीतर त्याची डुलण्याची चाल मरते. नवे लुअर आधी काठालगत ओढून पाहावे. ते सरळ न येता एका बाजूला पळत असेल, तर ज्या बाजूला पळते तिच्या विरुद्ध बाजूला त्याची पुढची कडी पकडीने केसभर वाकवावी.

जागेवर गेल्यावर थेट पाण्याच्या कडेला जाऊन उभे राहू नये. पावलांचा धक्का आणि अंगावरून पडणारी सावली मरळीला कळते, म्हणून चार-पाच पावले मागे थांबून पहिल्या फेकी डावीकडे आणि उजवीकडे काठाला समांतर कराव्यात, आणि मगच आतल्या पाण्याकडे वळावे. मरळ हवा घेण्यासाठी अधूनमधून वर येते, तेव्हा पाण्यावर उमटणारे वलय तिची जागा सांगते. लुअर त्या वलयावर टाकू नये. पलीकडे पाच-सहा फूट टाकून त्याच्या जवळून ओढत आणावे. लालसर पिल्लांचा थवा वर दिसत असेल, तर खाली आई-बाप राखण करत असतात. तेथे गळ टाकू नये, कारण राखणदार गेला की दुसरे मासे पिल्ले फस्त करतात.

लुअर पाण्यात पडले की रॉडचे टोक खाली ठेवून रीलचे पाच-सहा वेढे वेगाने घ्यावेत, म्हणजे ते खोली पकडते, आणि नंतर वेग निम्मा करावा. गवताचा किंवा दगडाचा स्पर्श हाताला जाणवताच रील थांबवावे, क्षणभर लुअर वर येऊ द्यावे आणि पुन्हा ओढावे. या थांब्यातच मरळ बहुधा तोंड घालते. लुअर काठाजवळ येऊ लागले की रॉडचे टोक हळूहळू उचलत न्यावे, म्हणजे तळ जसा चढतो तसे लुअरही चढते आणि शेवटचा, सर्वांत कामाचा पट्टा वाया जात नाही. पुष्कळ जण नेमके येथेच घाईने रील गुंडाळतात.

मरळीचे तोंड हाडाळ असल्याने झटका जोरात द्यावा आणि दोरी सैल सोडू नये. तीन टोकांच्या गरी काढून त्यांच्या जागी एकेरी, काटे दाबलेल्या गरी लावल्या, तर गवत कमी अडकते आणि मासा सोडणेही सोपे जाते. दाट केंदाळात (जलपर्णीत) मात्र कोणतेही क्रँकबेट चालत नाही. तेथे रबरी बेडूकच वापरावा आणि क्रँकबेट केंदाळाच्या मोकळ्या कडेपुरते ठेवावे.

शेतीपंपांचे पाइप आणि जॅकवेलभोवतीची (पाणी उपसण्यासाठी काठाशी बांधलेल्या विहिरीभोवतीची) जागा माशांची असली, तरी लुअर हमखास तेथेच अडकते. अडकल्यास दोरी ताणू नये. सैल सोडून रॉडचे टोक हलवावे, काठाने थोडे पुढे जाऊन उलट्या दिशेने ओढावे. तरीही न सुटल्यास दोरी तोडावी, पण लुअरसाठी पाण्यात उतरू नये. कृष्णा आणि वारणेच्या पात्रात मगरी आहेत आणि काळ्या मातीचा ओला काठ पायाखालून सरकतो. मासा वर घेण्यासाठी लांब दांड्याची हातजाळी त्यासाठीच जवळ ठेवावी.

गगनबावड्याचा घाट उतरून कोकणातल्या खाडीवर जिताडा या शिकारी माशासाठी जाणाऱ्यांनाही हीच पद्धत चालते, मात्र लुअर नऊ ते बारा सेंटिमीटरचे मिनो घ्यावे आणि लीडर अधिक जाड ठेवावा, कारण जिताड्याच्या कल्ल्याची धारदार कड दोरी आणि बोटे दोन्ही कापते. परतल्यावर लुअर आणि रील गोड्या पाण्याने धुऊन वाळवावे.

धरणे आणि तलाव अनेकदा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, म्हणून गळ टाकण्याआधी संस्थेला विचारावे, आणि राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत तर रॉड गाडीतून बाहेरच काढू नये.