हौशी फुटबॉल लीग चालवताय? मोसम सुरू होण्याआधी या चुका टाळा

आमच्या लीगच्या पहिल्याच मोसमात शेवटच्या रविवारी दोन संघ सारख्याच गुणांवर थांबले. एकाचा गोलफरक (केलेले गोल वजा झालेले गोल) जास्त होता, दुसऱ्याने आपसातला सामना जिंकला होता. करंडक टेबलावर, दोन्ही कर्णधार टेबलापाशी, आणि माझ्या हातातल्या नियमपत्रिकेत या प्रसंगाबद्दल एक ओळही नाही. आम्ही तिघांनी बाजूला जाऊन पाच मिनिटं चर्चा केली आणि गोलफरकावर निकाल दिला. हरलेला संघ पुढच्या मोसमात आला नाही. मला त्यांचं चुकलं असं वाटत नाही. निर्णय घेताना आम्हाला दोन्ही संघांची नावं माहीत होती, आणि नावं माहीत झाल्यावर केलेला नियम कोणाच्या तरी बाजूचाच ठरतो.

नंतरची बरीच वर्षं लीग चालवताना जी जी भांडणं पाहिली, त्यातली बहुतेक याच जातीची होती. म्हणून पहिला सामना होण्याआधी कागदावर काय काय असायला हवं, ते सविस्तर लिहितोय.

गुण सारखे झाले तर काय, हे न ठरवणं

विजयाला तीन गुण, बरोबरीला एक, एवढं लिहून लोक थांबतात. पुढचा क्रम लिहा: आधी गोलफरक की आधी आपसातला सामना? दोन्ही पद्धती जगभर चालतात, एक निवडा. आपसातला निकाल आधी धरणार असाल तर तीन संघ सारख्या गुणांवर आले तर काय, हेही लिहा. अशा वेळी त्या तिघांमधल्या सामन्यांचाच वेगळा छोटा तक्ता करतात. त्यानंतर एकूण केलेले गोल, मग कार्डं, शेवटी चिठ्ठी किंवा निर्णायक सामना. कार्डांपर्यंत वेळ कशाला येईल, असं वाटतं. पण २०१८ च्या विश्वचषकात जपान सेनेगलच्या पुढे गेलं ते कमी पिवळ्या कार्डांमुळेच.

नवा, चमकदार नियम मात्र शोधून काढू नका. १९९४ च्या कॅरिबियन चषकाच्या पात्रता फेरीत जादा वेळेतला सुवर्ण गोल, म्हणजे सामना तिथेच संपवणारा पहिला गोल, दोन गोलांइतका धरायचा, असा नियम होता. पुढे जायचं तर ग्रेनाडाला दोन गोलांनी हरवणं बार्बाडोसला भाग होतं. शेवटची काही मिनिटं उरली असताना २-१ ने पुढे असलेल्या बार्बाडोसने मुद्दाम स्वतःच्याच जाळ्यात चेंडू मारला आणि सामना जादा वेळेत नेला. मधल्या काही मिनिटांत ग्रेनाडा दोन्हीपैकी कुठल्याही गोलात चेंडू घालायला धडपडत होतं, कारण २-३ ने हरूनही त्यांचं काम होणार होतं, आणि बार्बाडोसचे खेळाडू दोन्ही गोल राखत होते. शेवटी दुप्पट धरलेल्या त्या एका गोलावर बार्बाडोस ४-२ ने जिंकलं. खेळाडूंनी नियम मोडला नव्हता, नियमच तसा होता.

फेऱ्या मोजून रविवार ठरवणं

बारा संघ म्हणजे अकरा फेऱ्या, म्हणून अकरा रविवार, असा हिशेब मी स्वतः केलेला आहे. तो चुकीचा आहे. बारा संघांच्या एकेरी साखळीत, म्हणजे प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं असेल तर, ६६ सामने होतात. मैदान एक आणि दिवसाला चार सामने असतील, तर सतरा रविवार लागतात. दुहेरी साखळीत सामने १३२ आणि रविवार तेहतीस. म्हणजे आधी मैदानाचे तास मोजायचे, मग संघ किती घ्यायचे ते ठरवायचं. उलट क्रमाने केलं की मोसमाच्या शेवटी एकेका संघाला आठवड्यात तीन सामने खेळावे लागतात आणि अर्धे खेळाडू कामावरून सुटत नाहीत.

वेळापत्रक लावायची सोपी रीत अशी: संघांची नावं दोन ओळींत समोरासमोर लिहा, एक नाव जागेवर ठेवा आणि बाकीची दर फेरीला एकेक घर सरकवा. संघ विषम असतील तर एक रिकामं घर धरा. त्याच्यासमोर जो येईल त्याला त्या फेरीत सुट्टी. दर चार-पाच आठवड्यांनी एक रविवार मोकळा ठेवा, पावसाने पुढे ढकललेले सामने त्यात बसतात.

शेवटच्या फेरीची गोष्ट वेगळी. विजेतेपद किंवा खालच्या गटात जाणं ज्या सामन्यांवर अवलंबून आहे, ते एकाच वेळी सुरू झाले पाहिजेत. १९८२ च्या विश्वचषकात अल्जीरियाचा गटातला शेवटचा सामना आदल्या दिवशी संपला होता. कोणता निकाल दोघांनाही पुरेल हे त्याच गटातल्या पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रियाला मैदानात उतरण्याआधीच माहीत होतं. १-० झाल्यावर दोघांनी खेळणंच सोडलं आणि अल्जीरिया बाहेर गेलं. पुढच्या विश्वचषकापासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी होऊ लागले. हौशी लीगला याच्यासाठी एवढंच करावं लागतं: त्या एका रविवारी दुसरं मैदान मिळवायचं.

संघ मध्येच सोडून गेला तर

जाणारच, हे धरून चाला. बऱ्याच लीगमध्ये असं असतं: निम्म्याहून कमी सामने खेळून संघ गेला तर त्याचे सगळे निकाल रद्द, निम्म्याहून जास्त झाले असतील तर उरलेले सामने समोरच्याला ३-० ने बहाल. नोंदणीच्या वेळी अनामत घ्या आणि मोसम पूर्ण केल्यावर परत द्या.

खेळाडूंची यादी ‘नंतर देतो’ चालवून घेणं

एका सामन्याची यादी माझ्या हातात आली तेव्हा अकरा सह्यांपैकी चार सह्यांचा ‘र’ एकाच वळणाचा होता. मैदानात गेलो, नऊ नंबरला नाव विचारलं. त्याने क्षणभर कर्णधाराकडे पाहिलं. तेवढं पुरेसं होतं. दुसऱ्याच्या नावावर खेळणारा तो मुलगा चांगला खेळाडू होता आणि त्याला रीतसर नोंदवता आलं असतं. नोंदणी कधी बंद होते हे आम्हीच नीट कळवलं नव्हतं.

तेव्हापासून फोटोसह नोंदणी, एका खेळाडूला एकच संघ, नोंदणी बंद होण्याची ठरलेली तारीख, आणि सामन्याआधी दहा मिनिटं दोन्ही कर्णधारांनी एकमेकांची यादी फोटोंशी ताडून पाहायची. हे शेवटचं सगळ्यात उपयोगी. आक्षेप सामन्याआधी आला तर तो सोडवता येतो. हरल्यानंतर आला की त्याचं भांडण होतं.

संघ उशिरा आला तर किती मिनिटं थांबायचं, हेही आकड्यात लिहा. एका संघात सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरू करता येत नाही, हे फुटबॉलच्या नियमातच आहे. पिवळ्या कार्डांची नोंद लीगने स्वतः ठेवावी आणि निलंबित खेळाडूंची नावं प्रत्येक फेरीआधी सगळ्या संघांना कळवावीत. ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणायला जागाच राहू नये.

पंचांना गृहीत धरणं

लीग बंद पडायचं हे सगळ्यात मोठं कारण मी पाहिलंय, आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. पंच मिळत नाहीत म्हणून सगळेच ओरडतात. जे होते ते का गेले, हे त्यांनाच विचारा. एका तरुण पंचाने मला सांगितलं होतं, “दादा, शिव्यांचं काही नाही, पण सामना संपल्यावर मी पार्किंगपर्यंत एकटा चालत जातो.” त्यानंतर आमच्याकडे यजमान संघाचा एक माणूस पंचांना मैदानात आणायला आणि बाहेर सोडायला जबाबदार झाला. मानधन सामन्याआधी, पाकिटात, लीगकडून दिलं जाऊ लागलं. हरलेल्या संघाच्या व्यवस्थापकाकडे पंचाने पैसे मागायला जावं, ही पद्धत ताबडतोब बंद करा.

पंचांशी फक्त कर्णधारच बोलेल, ही पद्धत नियम ठरवणाऱ्या आयफॅबनेही पुढे आणली आहे. ती तुमच्या लीगमध्ये लावा. तळागाळातल्या फुटबॉलमध्ये उद्धट वागणाऱ्याला काही वेळ मैदानाबाहेर बसवायची सोयही नियमांत आहे. ९० मिनिटांच्या सामन्यात ती साधारण दहा मिनिटांची असते. तुमच्या राष्ट्रीय संघटनेने तिला मान्यता दिली असेल तर ती जरूर वापरा. पैशांचा दंड महिन्यानंतर भरायचा असतो, ही शिक्षा तिथल्या तिथे लागते. संघाला दहा जणांत खेळावं लागलं की स्वतःचेच सहकारी त्या खेळाडूला गप्प करतात.

सामना अर्धवट थांबला तर तो पुन्हा पहिल्यापासून खेळवायचा, असं मूळ नियम सांगतो. मात्र स्पर्धेच्या नियमांत वेगळी तरतूद असेल तर ती चालते. ही तरतूद लिहा. नाहीतर ३-० ने मागे असलेल्या संघाला मारामारी केल्याचा फायदाच होतो.

गोलपोस्ट नुसता उभा करणं

हलवता येणारे गोलपोस्ट जमिनीला पक्के बांधलेलेच हवेत. हे फुटबॉलच्या नियमावलीतल्या पहिल्या नियमात आहे, आणि न बांधलेले पोस्ट पडून मुलांचे जीव गेलेले आहेत. दोन्ही पोस्ट पकडून स्वतः जोरात हलवून पाहा. खिळे नसतील तर मागच्या दांडीवर भरलेल्या वाळूच्या गोण्या टाका. गोण्याही नसतील तर त्या मैदानावर सामना नाही. इथे कोणाची विनंती ऐकायची नाही. विजा होत असतील तर शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर तीस मिनिटं मैदान रिकामं ठेवा. लहान मुलांच्या गटांना ७.३२ मीटर रुंद गोल आणि पाच नंबरचा चेंडू देऊ नका. मैदान, गोल, चेंडू, वेळ हे सगळं लहान करायला नियमांची परवानगी आहे.

संघटनेशी न जोडणं

फिफा, तिच्याखाली सहा खंडीय महासंघ, मग २११ राष्ट्रीय संघटना, त्यांच्याखाली प्रादेशिक आणि जिल्हा संघटना, असा हा जिना आहे. त्याच्या बाहेर लीग चालवता येते. पण मग तुम्ही निलंबित केलेला खेळाडू शेजारच्या लीगमध्ये पुढच्याच रविवारी खेळतो, नोंदणीकृत पंच यायला कचरतात, आणि तुमच्या विजेत्याला वरच्या गटाचं दार बंद राहतं. अर्ज मोसमाच्या बराच आधी करा.

मोसम सुरू झालाय आणि नियमच नाहीये, तर?

तर वाट पाहू नका. जी गोष्ट अजून घडलेली नाही तिचा नियम आजच लिहा, सगळ्या संघांच्या सह्या घ्या, आणि तो पुढच्या फेरीपासूनच लागू करा, मागे नेऊ नका. तक्रार किती तासांत लेखी द्यायची ते घाला. ज्या संघाबद्दल तक्रार आहे त्याचा माणूस समितीत असेल तर त्याने त्या बैठकीला बसायचं नाही, हेही घाला. आणि घटना घडून गेली असेल, दोन कर्णधार टेबलापाशी उभे असतील, तर निकाल देऊ नका. दोघांना पुढच्या रविवारी निर्णायक सामना खेळायला बोलवा, पंच लीगबाहेरचे आणा, आणि तोपर्यंत करंडक कपाटात ठेवा.