परीक्षणाला आलेला शोधनिबंध कसा वाचावा

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. संशोधन-नियतकालिकाच्या संपादकाकडून निबंध छापण्याजोगा आहे का ते तपासायला आला की आधी लेखक पाहा. जवळचा असेल तर तसं कळवून नकार द्या. मग निष्कर्ष बाजूला ठेवून पद्धत वाचा. एकदा कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचा निबंध आला. कामगंध सापळे (मादीच्या गंधानं या अळीचे नर पतंग ओढून पकडणारे) किती लावले, पतंग किती रात्री मोजले, हेच त्यात नव्हतं. सापळ्यात सलग ३ रात्री ८-८ पतंग सापडले की फवारणी करा, असं आपण शेतकऱ्याला सांगतो. मग मोजणी कच्ची कशी चालेल? तक्त्यांची बेरीज मी स्वतः करून पाहतो. शेरा देताना पान, ओळ लिहा. नुसतं ‘सुधारणा करा’ म्हटल्यानं लेखकाला काही कळत नाही. छापायचं की नाही, ते संपादक ठरवतो. तोवर निबंध कुणालाही दाखवू नका, विद्यार्थ्यांनाही नाही.