ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) करून ज्येष्ठांवर रिसर्च करायचाय? मग आधी हे वाचा

बीओटीएचची, म्हणजे ओटीच्या पदवीची मुलं सारखी विचारतात, मॅडम जेरिअ‍ॅट्रिक्समध्ये, म्हणजे म्हातारपणाच्या उपचारांत स्कोप आहे का, एमओटीएचला (पदव्युत्तरला) तोच टॉपिक घेऊ का, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

पहिलं म्हणजे "ओटी म्हणजे फिजिओच ना?" हे रिटायर होईपर्यंत ऐकायची तयारी ठेवा. आपण माणसाला त्याची रोजची कामं जमावीत म्हणून थेरपी देतो, हे कोणाच्या लक्षातच येत नाही. कमला निंबकरांनी १९५० साली मुंबईत केईएमला ओटीचं शिक्षण सुरू केलं, तरी अजून लग्नकार्यात मला कंबरदुखीचे व्यायाम विचारतात आणि मीही सांगून मोकळी होते.

मी शिकवायला लागले तेव्हा सगळ्यांना पेडिअ‍ॅट्रिक्स, म्हणजे लहान मुलांचं काम हवं असायचं. ते साहजिकच आहे, तिथे क्लिनिक पटकन चालतं. म्हातारी माणसं मात्र स्ट्रोक किंवा फ्रॅक्चर झाल्यावरच आपल्यापर्यंत पोचतात, धडधाकट माणसाला ओटी कशाला असंच सगळ्यांना वाटतं. याला चोख उत्तर लॉस एंजेलिसमधल्या वेल एल्डरली स्टडीने दिलं, १९९७ साली जामा या अमेरिकन मेडिकल जर्नलमध्ये आला होता, नवीन मुलांनी तो आधी वाचाच. साठीच्या पुढची, स्वतंत्र राहणारी ३६१ माणसं घेतली, एका गटाला नऊ महिने ओटी, दुसऱ्याला नुसते गप्पा-खेळ-सहली असे कार्यक्रम, तिसऱ्याला काहीच नाही. फायदा ओटीवाल्यांना झाला, आणि नुसते कार्यक्रम केलेले आणि काहीच न केलेले यांच्यात म्हणावा असा फरक दिसला नाही! आपल्याकडे भजन आणि सहल ठेवली की ज्येष्ठांचं काम झालं असं समजणाऱ्यांना हा पेपर प्रिंट काढून द्यावासा वाटतो.

आता खरी गंमत. माणसाला काय काय जमतं ते मोजायचे तिकडचे स्केल इकडे लावताना डोकं वापरावं लागतं. लॉटनचा आयएडीएल (स्वतंत्र राहायला लागणारी रोजची कामं) स्केल घ्या, १९६९ चा आहे, त्यात स्वयंपाक, कपडे धुणं, पैशाचे व्यवहार, फोन असं सगळं येतं. आता आजोबांनी जन्मात चहा केला नाही आणि आजींनी बँकेची पायरी चढली नाही, तर त्यांना जमत नाही म्हणायचं की कधी वेळच आली नाही म्हणायचं? फॉर्मवर दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून शेजारी नोंद लिहा, आधी करायचे का, कधी सोडलं, का सोडलं.

एका घरी होम व्हिजिटला गेले होते, आजींचे गुडघे गेलेले, खाली बसवत नाही, म्हणून सुनेने काळजीपोटी विळी माळ्यावर टाकलेली. आजींचं जेवण कमी, झोप कमी, सगळे रिपोर्ट नॉर्मल. आम्ही ओट्याजवळ टेकायला उंच स्टूल ठेवलं, हातात सुरी आणि न सरकणारा बोर्ड दिला आणि रोजची भाजी आजींकडे सोपवली. गुडघे होते तसेच आहेत, पण मेथी निवडता निवडता सुनेला सूचना देणं जोरात सुरू झालं. डब्ल्यूएचओ २०१५ पासून हेल्दी एजिंग म्हणताना हेच म्हणतंय, आजार आहे की नाही यापेक्षा माणसाला जे महत्त्वाचं वाटतं ते करता येतंय का ते बघा, आणि त्यात शरीराइतकंच घरदारही धरा.

सॅम्पलचं, म्हणजे अभ्यासासाठी माणसं निवडायचं एक सांगते. ज्येष्ठ नागरिक संघात गेलं की माणसं झटपट मिळतात, पण तिथे येणारी मुळातच टुणटुणीत असतात, लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा तिथे कधीच भेटणार नाहीत, त्यांच्याकडे जिने चढून तुम्हालाच जायला लागेल. फॉलोअपची तारीख गणपती-दिवाळीत टाकू नका. पावसाळ्यात निसरड्याला घाबरून कोणी बाहेर पडत नाही आणि सहा महिन्यांनी फोन करावा तर आजी नातीच्या बाळंतपणाला अमेरिकेला, तेव्हा मधेच गळणारी माणसं धरूनच सॅम्पलचा आकडा ठरवा. आणि इंटरव्हेन्शन ट्रायल, म्हणजे थेरपी देऊन परिणाम बघायचा अभ्यास असेल तर एथिक्स कमिटीची परवानगी आणि सीटीआरआयचं (भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सची सरकारी नोंदवही) रजिस्ट्रेशन पहिला पार्टिसिपंट घ्यायच्या आधी व्हायला हवं, नंतर होत नाही, त्यामुळे सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) पास झाल्या झाल्या गाईडच्या मागे लागा.