शेअर्ड फोल्डरमधली फाइल उशिरा अपडेट होते? या चुका टाळा

एका कॉम्प्युटरवर फाइल सेव्ह केली, तरी दुसऱ्यावर जुनीच वेळ आणि जुनाच साइझ दिसतो. थोड्या वेळाने आपोआप सगळं बरोबर होतं. असं झालं की लोक आधी सर्व्हर रीस्टार्ट करतात, आणि तिथेच चुकतात. बहुतेक वेळा सर्व्हरवर नवी फाइल केव्हाच पोचलेली असते; जुनी माहिती धरून बसलेला असतो तो बघणारा कॉम्प्युटर. म्हणून आधी थेट सर्व्हरवर लॉगिन करून फाइल बघा. तिथे ती नवी असेल तर बघणाऱ्याची कॅश, म्हणजे तात्पुरती साठवून ठेवलेली माहिती, तपासा. तिथेही जुनीच असेल तर लिहिणाऱ्या प्रोग्रामकडे वळा.

एनएफएस ही नेटवर्कवरून फोल्डर शेअर करण्याची पद्धत. लिनक्सवरच्या एनएफएस माउंटमध्ये (जोडलेल्या शेअर्ड फोल्डरमध्ये) फाइलचे तपशील डीफॉल्टने 3 ते 60 सेकंद कॅशमध्ये राहतात, डिरेक्टरीचे (फोल्डरचे) 30 ते 60. विंडोजच्या एसएमबी (विंडोजची फोल्डर शेअर करण्याची पद्धत) क्लायंटवर, म्हणजे बघणाऱ्या कॉम्प्युटरवर, डिरेक्टरीची कॅश डीफॉल्टने 10 सेकंदांची असते. शिवाय ‘अशी फाइल नाही’ हे उत्तरही तो 5 सेकंद लक्षात ठेवतो. फाइल येण्याची वाट बघणाऱ्या स्क्रिप्ट नेमक्या इथेच अडकतात. एनएफएसवर हे ‘नाही’ आणखी जास्त वेळ टिकू शकतं. त्यावर ‘लुकअपकॅश’ हा माउंट पर्याय ‘पॉझिटिव्ह’ ठेवणं, म्हणजे फक्त सापडलेल्या फाइलीच लक्षात ठेवायला सांगणं, हा नेमका उपाय आहे.

त्याऐवजी अनेकजण वैतागून ‘नोएसी’ हा माउंट पर्याय लावतात. कृपा करून हे सरसकट करू नका. त्याने कॅश तर बंद होतेच, पण प्रत्येक राइट सर्व्हरवर पोचेपर्यंत प्रोग्राम थांबून राहतो आणि सगळ्यांचंच काम रखडतं. गरज असेल त्याच माउंटवर कॅशची मुदत काही सेकंदांवर आणा.

खरा घोळ बऱ्याचदा लिहिण्याच्या पद्धतीत असतो. एनएफएसचा करार असा: लिहिणाऱ्याने फाइल बंद केली की डेटा सर्व्हरवर जातो, आणि वाचणाऱ्याने ती नव्याने उघडली की ताजी स्थिती विचारली जाते. दिवसभर लॉग फाइल उघडी ठेवणारा प्रोग्राम हा करार पाळतच नाही, मग दुसरीकडे ओळी उशिरा दिसणारच. तिथे अधूनमधून एफसिंक करा, म्हणजे लिहिलेला डेटा सर्व्हरवर पाठवायला लावा. तयार रिपोर्टसारखी फाइल असेल तर त्याच डिरेक्टरीत तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहा, बंद करा आणि मगच रीनेम करा. अर्धवट फाइल कुणाच्या हाती पडत नाही. मात्र वाचणाऱ्याने दर वेळी नावाने नव्याने उघडायला हवी. जुनं हँडल (आधी उघडलेल्या फाइलचा दुवा) धरून ठेवलं तर जुनाच मजकूर मिळेल, किंवा ‘स्टेल फाइल हँडल’ ही एरर येईल.

बदल टिपण्यासाठी एनएफएसवर आयनोटिफाय या लिनक्सच्या फाइलबदल कळवणाऱ्या सोयीवर विसंबू नका. दुसऱ्या मशिनने केलेला बदल त्याला कळत नाही. ठरावीक अंतराने स्वतः तपासणंच भरवशाचं.

आणि सगळ्या मशिनची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीने) जुळवा. वेळ पुढेमागे असेल तर फाइल ताजी असूनही ‘मेक’सारखी प्रोग्राम बिल्ड करणारी साधनं तिला जुनी समजून वगळतात.