पिकअपचं इंजिन ऑइल गळतंय? सील बदलण्याआधी या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी ऐन टोमॅटोच्या हंगामात आमची पिकअप दोन दिवस गॅरेजमध्ये उभी होती. बेलहाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या क्लचवरच्या कवचाच्या, खाली ऑइलचे थेंब पडत होते. मिस्त्रीने खालून बॅटरी मारून पाहिलं आणि निदान केलं, "मागचं क्रँक सील गेलंय." म्हणजे क्रँकशाफ्ट (इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा) मागे बाहेर येतो तिथलं ऑइल अडवणारं सील. गिअरबॉक्स उतरला, सील बदललं, उघडलंच आहे तर म्हणून क्लच प्लेटही नवी टाकली. तिसऱ्या रात्री माल भरून माळशेज उतरलो, वाशीला गाडी लावली आणि सकाळी पाहतो तर खाली तोच डाग. गळत होतं ते टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं पॅकिंग, तेही अगदी मागच्या कोपऱ्यात. तिथून ऑइल ब्लॉकच्या पाठीवरून ओघळत बेलहाउसिंगवर येत होतं. काम होतं एका पॅकिंगचं आणि खर्च झाला गिअरबॉक्स उतरवण्याचा. माल वाहून पोट भरणाऱ्याला असा खर्च परवडत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

डाग पाहून निदान करणं

ऑइल जिथे टपकतं तिथून ते गळत असेलच असं नाही. ते वरून खाली ओघळतं, आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे जातं. म्हणून खालचा थेंब सोडून द्या आणि सगळ्यात वर, सगळ्यात पुढे ओलं कुठे आहे ते शोधा.

त्यासाठी आधी इंजिन धुवायला हवं. थंड इंजिनवर डिझेल आणि ब्रशने जुना चिकटा काढा, पाण्याने धुवा, हवा मारून कोरडं करा. अल्टरनेटर आणि वायरिंगचे कपलर प्लास्टिकने झाका, त्यांच्यावर थेट फवारा मारू नका. डिझेलचा ओलावा पूर्ण गेल्याशिवाय इंजिन चालू करू नका. मग पंधरा-वीस मिनिटं चालवून गरम करा आणि बॅटरी व छोटा आरसा घेऊन वरून खाली पाहत या. काही दिसलं नाही तर संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरवा आणि वीसेक किलोमीटर फिरवून आणा. पांढऱ्या पावडरीवर काळी रेघ उमटते, तिचं वरचं टोक म्हणजे गळतीची जागा.

गळतंय ते इंजिन ऑइलच आहे ना, हेही बोटावर घेऊन पाहा. डिझेल इंजिनचं ऑइल लवकर काळं पडतं. गिअर ऑइल जाड असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. बेलहाउसिंगखाली तसला वास आला तर क्रँक सील सोडा, गिअरबॉक्सचं पुढचं सील तपासा. आणि गळती असूनही डीपस्टिकवरची (ऑइल मोजायच्या पट्टीवरची) पातळी वाढत असेल, तर ऑइलमध्ये डिझेल उतरत असण्याची दाट शक्यता आहे. अशी गाडी चालवू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं.

ब्रीदर न पाहता सील बदलत राहणं

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा धूर खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकशाफ्ट फिरतो त्या पोकळीत, येतोच. तो बाहेर काढायला ब्रीदर आणि त्याचा पाइप असतो. तो काजळी-चिकट्याने तुंबला की आत दाब वाढतो आणि जे सील सगळ्यात कमजोर, तिथून ऑइल बाहेर ढकललं जातं. तुम्ही पुढचं सील बदलता, महिन्याने मागचं गळतं, मग चेंबरचं (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीचं) पॅकिंग. एकामागून एक जागा गळू लागल्या की पार्टला नावं ठेवण्याआधी ब्रीदर उघडा.

इंजिन गरम करून आयडलिंगवर ठेवा, ऑइल भरण्याचं झाकण सैल करून नुसतं वर टेकवा. झाकण थोडं थरथरलं तर काळजी नको. पण ते उडायला लागलं, धुराचा सततचा झोत आला, तर ब्रीदरचा पाइप साफ करून पुन्हा पाहा. तरीही तसंच राहिलं तर रिंगा झिजल्या असाव्यात, मिस्त्रीच्या भाषेत बॅक कॉम्प्रेशन. तिथे सीलवर खर्च करू नका, कॉम्प्रेशन तपासून घ्या.

पेस्टचा भडिमार

चेंबर बसवताना सिलिकॉन पेस्ट जितकी जास्त तितकं पक्कं, हा समज फार पसरलेला आहे. कडेने जेवढी पेस्ट बाहेर आलेली दिसते, तेवढीच आतही जाते. तिचे तुकडे सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. जाळी तुंबली की ऑइलचा दाब पडतो, आणि इंजिन जाम व्हायला तेवढं पुरतं. दोन-तीन मिलिमीटरची एकसलग रेघ, बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूने, बस. रबरी पॅकिंगला तर कंपनीने सांगितलेले कोपरे सोडले तर पेस्ट लागतच नाही. आणि ट्यूबवर लिहिलेला सुकण्याचा वेळ पाळा. गिऱ्हाईक दारात उभं आहे म्हणून तासाभरात ऑइल भरलं की ती जागा पुन्हा पाझरते.

जुनी पेस्ट काढताना ग्राइंडरला खरखरीत चकती लावू नका. तिची बारीक पूड ऑइलमध्ये मिसळून बेअरिंगपर्यंत जाते. प्लास्टिकचा खरवडा, थोडा धीर आणि स्वच्छ फडकं यांवर काम भागतं.

आवळत राहणं

टॅपेट कव्हर गळतंय म्हणून बोल्ट आणखी आवळला की पॅकिंग चेंगरतं, कव्हर वाकतं आणि गळती वाढते. हे बोल्ट लहान असतात, मोठ्या पान्याचा जोर त्यांच्यासाठी नाही. टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच आवळू देणारा) वापरा, आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या, आणि मधून सुरुवात करून आळीपाळीने कडेकडे जा. ड्रेन प्लगचंही तेच. तिथे प्रत्येक ऑइल बदलाला नवा वॉशर टाका. जुनाच ठेवून पान्याला पाइप लावून प्लग आवळला की ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात.

ऑइल बदलल्या-बदलल्या फिल्टरजवळून धार लागली तर जुन्या फिल्टरचं रबर इंजिनलाच चिकटून राहिलंय का ते पाहा. एकावर एक दोन रबरं बसली की दाबाखाली ती सरकतात.

नवं सील, जुनी खाच

पुढचं सील बदलूनही गळत असेल तर पुलीच्या दांड्यावर नख फिरवा. जुन्या सीलच्या ओठाने तिथे खाच पाडलेली असते, नवं सील त्याच खाचेवर बसलं तर गळणारच. दांड्यावर पातळ स्लीव्ह (धातूचं कडं) चढवतात, किंवा जागा असेल तर सील एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवतात. सील हातोडीने एका बाजूने ठोकून घेऊ नका, ते तिरकं बसतं. रबरी ओठाला बसवताना ऑइल लावतात, पण टेफ्लॉनच्या ओठाचं सील बहुधा कोरडंच बसवायचं असतं. पाकिटावरची सूचना वाचा.

अनेक डिझेल पिकअपमध्ये ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीला असतो आणि त्याला इंजिन ऑइलच लागतं. तिथे गळती झाली तर ऑइल अल्टरनेटरमध्ये शिरतं. चार्जिंगचा दिवा लागला आणि ब्रेक जड लागू लागला तर आधी तिथेच पाहा.

जाड ऑइल किंवा गळती थांबवणारी बाटली टाकून दिवस ढकलता येतात, पण फाटलेलं पॅकिंग त्याने सांधत नाही, आणि फार जाड ऑइल थंड इंजिनमध्ये वर पोचायला वेळ लावतं. थेंब थेंब गळत असेल तर रोज सकाळी सपाट जागी पातळी पाहून काम होईपर्यंत चालवता येईल. पण ऑइल सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर किंवा टर्बोवर पडत असेल तर आग लागू शकते. तिथे, आणि ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला तर, गाडी जागेवर बंद करा, मागे कितीही नाशवंत माल असो.

काम झाल्यावर रात्री गाडीखाली जाड पुठ्ठा पसरा आणि पुढच्या चाकांच्या जागी खुणा करा. सकाळी डाग दिसला तर तो कुठल्या भागाखाली आहे ते त्यावरून कळतं. चार-पाचशे किलोमीटर भरून चालवल्यावर हाच पुठ्ठा पुन्हा एकदा टाका.